नाताळची आरास : शेतांतील पेंढा, काडी व बांबू यांचा उपयोग

डिसेंबर महिना उजाडला म्हणजे मुंबईंतील वडाळा, माहीम, वांद्रें ह्या भागांतून घरोघरीं कागदी चांदण्या लोंबूं लागतात. रात्रीं त्यांत दिवे लागले कीं दिवाळी पुन्हां एकदां आली असा भास होतो. ह्या सणाचा व शेतकऱ्याचा काय संबंध, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ह्या आराशीस जें साहित्य मुळांत लागतें, तें बहुतेक सर्व आपल्या खळ्यांत, बांधावर व परसांत पडलेलें असतें. आणि तेंच साहित्य शहरांतील माणसास मागूनही मिळत नाहीं, म्हणून तो प्लॅस्टिक विकत घेतो. ह्या दोन गोष्टींचा मेळ घालावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

वडाळा हें एके काळचें मिठागरांचें गांव. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहांत ह्याच मिठागरांवर हजारों लोक चालून गेले होते. आज तेथें रेल्वेचे रूळ, चाळी व उंच इमारती यांची दाटी आहे. आषाढी एकादशीस येथील विठ्ठलाच्या देवळापुढें रांगा लागतात आणि नाताळांत चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवे लागतात. मुंबई बेटावरील व साष्टी-वसईकडील जे जुने ख्रिस्ती रहिवासी, त्यांनीं १८८७ सालीं आपली संस्था स्थापून ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. त्यांचे पूर्वज येथलेच कोळी, भंडारी, कुणबी होत व त्यांची घरगुती बोली मराठीचीच आहे. वसईकडील ख्रिस्ती कुटुंबें तर पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेल, भाजीपाला व फुलें पिकवीत आलीं आहेत. तेव्हां हा सण शेतकऱ्याच्या घरीं नाहीं, असें म्हणणें चुकीचें ठरेल.

ह्या आराशीचें मुख्य अंगही शेतकऱ्याच्या ओळखीचेंच आहे. तें म्हणजे गुरांचा गोठा. धर्मग्रंथांतील कथेप्रमाणें येशूचा जन्म झाल्यावर त्यास बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविण्यांत आलें. इ. स. १२२३ सालीं इटलींतील ग्रेचो नांवाच्या गांवीं असीसीच्या संत फ्रान्सिसनें खरी गव्हाण, खरें गवत आणि जिवंत बैल व गाढव आणून हा देखावा उभा केला, व तेथून गोठा मांडण्याची चाल सर्वत्र पसरली. ज्या आराशीचा आरंभ गवताच्या भाऱ्यापासून झाला, ती आज थर्मोकोलच्या तुकड्यांनीं व हिरव्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्यांनीं सजावी, हें मला विपरीत वाटतें.

थर्मोकोलविषयीं कायद्याची स्थिति वाचकांनीं लक्षांत ठेवावी. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली. पुढें केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें १ जुलै २०२२ पासून आराशीसाठीं वापरावयाचें थर्मोकोल सबंध देशांत बंद झालें. बंदी झाली तरी चकचकीत माळा, भुकटी व ‘नाताळचीं झाडें’ ह्यांच्या रूपानें प्लॅस्टिक घरांत येतच आहे. हीं झाडें बहुधा पीव्हीसीचीं असतात. चारपांच वर्षांनीं त्यांचे काटे गळूं लागले म्हणजे तीं कचऱ्यांत जातात आणि तेथें तीं कुजत नाहींत. चकाकीची भुकटी तर इतकी बारीक असते कीं ती एकदां सांडली म्हणजे झाडूसही दाद देत नाहीं. ती मोरींतून गटारांत व तेथून खाडींत जाते. युरोपांतील राष्ट्रसंघानें २०२३ सालीं असल्या सुट्या प्लॅस्टिक भुकटीच्या विक्रीवर निर्बंध घातले ते ह्याच कारणास्तव. मुंबईस ह्या गोष्टींची झळ प्रत्यक्ष लागलेली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरांत तुंबलेल्या नाल्यांतून प्लॅस्टिकचे ढीग निघाले, आणि जानेवारी २०१६ मध्यें देवनारच्या कचराभूमीस आग लागली तेव्हां तिचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता. पूर्वेकडून वारा आला कीं तो वडाळ्यापर्यंत पोहोंचे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम गोठा.

गोठ्यास उत्तम पेंढा भाताचा. तो मऊ असल्यानें वळतो, त्याची दोरी होते व छपरही शाकारतां येतें. मात्र तो हातानें कापून झोडलेला असावा. कापणीयंत्रांतून निघालेला पेंढा मोडका व चुरगळलेला असतो. तो गुरांस चालेल, छपरास नाहीं. भाताची झोडणी झाल्यावर सरळ, लांब काडीच्या कांहीं पेंढ्या निराळ्या काढाव्या, दोन दिवस ऊन दाखवावें व ओल नसलेल्या जागीं उभ्या ठेवाव्या. बुरशीचा वास येणारा पेंढा घरांत आणूं नये. त्याच्या धुळीनें दम्याच्या माणसास त्रास होतो. सांगाड्यासाठीं बांबूच्या चार काड्या व तुराटी पुरे होतात. बांधण्यास प्लॅस्टिकची सुतळी न घेतां केळीचें सोपट घ्यावें. फुलवाले हार-गजरे बांधतात तेंच हें सोपट. वाळलेल्या सोपटाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या पाण्यांत भिजवून वापरल्या म्हणजे तुटत नाहींत व गांठ घट्ट बसते. केळीचा घड उतरल्यावर बुंधा बांधावर टाकून देणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

गोठ्यापुढील हिरवळ ही ह्या आराशींतील सर्वांत सुंदर वस्तु होय. गोव्यांत व वसईकडे गोठ्याच्या हिरवळीसाठीं नाचणी, गहूं किंवा मोहरी मुद्दाम पेरतात. आपल्याकडे घटस्थापनेस टोपलींत धान्य रुजवितात, किंवा मुलें दिवाळींत मातीचे किल्ले करून त्यांवर अळीव टाकतात, तसाच हा प्रकार. गहूं रात्रभर भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यांत एक दिवस बांधून ठेवावे. मोड दिसूं लागतांच पसरट टोपलींत किंवा परळांत दोन बोटें माती घालून दाट पसरावे व वरून मातीचा पातळ थर द्यावा. पहिले तीन दिवस टोपली झाकून ठेवावी, नंतर उजेडांत आणावी. पाणी हातानें शिंपडावें. तांब्यानें ओतलें कीं दाणे एका बाजूस वाहून जातात. मुंबईच्या हवेंत दहा दिवसांत वीतभर हिरवळ होते, म्हणून गव्हाची पेरणी १४ डिसेंबरच्या सुमारास करावी. नाचणी हळू वाढते. तिला चार दिवस आधीं घालावें. अळीव पांचसहा दिवसांतच तयार होतो, पण तो लवकर लोळतो. एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी. पेरणीचें पुडींतील बियाणें, ज्यास औषध चोळून गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो, तें ह्या कामीं घेऊं नये. मुलें त्यांत हात घालतात व मागाहून ती हिरवळ जनावराच्या तोंडीं जाते. खाण्याचे गहूं घ्यावे.

गोठ्यांतील चित्रें मातीचीं करावीं. पोळ्यास ज्यांच्या घरीं मातीचे बैल होतात त्यांस हें शिकवावयास नको. नदीकांठची किंवा तळ्याची चिकण माती चाळून, थोडा भाताचा भुसा मिसळून मळली म्हणजे वाळतांना तडे जात नाहींत. रंगास गेरू, काव, चुना व काजळी घ्यावी. हळदींत चुन्याची निवळी मिसळली कीं तांबडा रंग होतो, हें कुंकू करणाऱ्यांस ठाऊकच आहे. ज्यांस माती जमत नाहीं त्यांच्या मुलांनीं ज्वारीच्या धाटांचीं जनावरें करावीं. धाटाची साल सोलून आंतील गराचे तुकडे करावयाचे व सालीच्याच काड्या टोंचून ते जोडावयाचे. देशावर मुलें अशा धाटांच्या बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आलीं आहेत. एका घरीं मीं अशी सबंध मांडणी पाहिली. तींत गाढव कोणास साधलें नव्हतें, म्हणून दोन्ही बाजूंस बैलच उभे केले होते, आणि त्यांतल्या एकाच्या गळ्यांत घुंगूरही होता. पाहणाऱ्यांपैकीं कोणाची त्यास हरकत दिसली नाहीं.

आतां चांदणी. गोव्यांत हिला ‘नखेत्र’ म्हणतात. हिची रचना आकाशकंदिलाहून सोपी असून ती हिशेबानें केल्यास मुळींच वांकडी होत नाहीं. दोन फूट लांबीच्या सारख्या दहा कामट्या घ्याव्या. पांच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या करावयाच्या असतात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून नऊ इंचांहून किंचित् अधिक अंतरावर खूण करावी. पांच कोनांच्या चांदणींत कामट्या एकमेकींस ह्याच खुणांवर छेदतात. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशा त्या ओवून टोकें सुतानें बांधावीं. मग दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून पांचही टोकें एकत्र बांधावीं, आणि आंतील पांच खुणांच्या जागीं पांच-पांच इंचांच्या काड्यांचे टेकू घालावे. टेकू बसतांच चांदणी मध्यें फुगते व तींत दिव्यास जागा होते. वर पतंगी कागद चिकटवावा. खळ मैद्याची करावी. पुस्तकें बांधणारे लोक खळींत किंचित् मोरचूद घालतात, त्यामुळें किडे व झुरळें लागत नाहींत. परंतु तें विष आहे, म्हणून ज्या घरीं लहान मुलें आहेत तेथें साधीच खळ बरी. मागील बाजूचा एक त्रिकोण दिव्यासाठीं उघडा ठेवावा. दिवा एलईडीचा घ्यावा. जुना तारेचा दिवा तापतो व कागद करपतो.

बांबूच्या निवडीविषयीं दोन शब्द. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा कोंवळा बांबू ह्या कामीं घेऊं नये. दादरकडे टोपल्या विणणाऱ्या एका बुरुडास मीं ह्याचें कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, कोंवळ्याची कामटी हातांत छान वांकते, पण माळ्यावर ठेवलीत कीं पुढल्या वर्षीं पिठी सोडते.’’ बांबूच्या आंतील पिष्टावर भुंगा येतो, तीच ही पिठी. म्हणून तीन वर्षांपलीकडचा बांबू थंडीच्या दिवसांत तोडून दोनतीन आठवडे पाण्यांत बुडवून ठेवावा; त्यांतील पिष्ट पुष्कळसें निघून जातें. नंतर सावलींत वाळवून त्याच्या कामट्या काढाव्या. सिंधुदुर्गाकडील माणगा, किंवा देशावरील मानवेल ह्या कामास चांगला.

एका चांदणीस सर्व मिळून सुमारें बावीस फूट कामटी लागते. वीस फुटी बांबूच्या सोळा कामट्या निघाल्या तर ३२० फूट होतात. पेरांवर मोडतोड होते ती सोडली तरी एका बांबूंत बारा चांदण्या सहज बसतात. हा हिशेब मुद्दाम देण्याचें कारण असें कीं, बांबू हा विकण्यास आतां पूर्वीइतका अवघड राहिलेला नाहीं. १९२७ च्या वनकायद्यांत बांबूची गणना झाडांत होती, आणि स्वतःच्या बांधावरील बांबू तोडून नेण्यासही पुष्कळ ठिकाणीं परवाने लागत. माझ्या नोकरीच्या काळांत असे अर्ज मीं नोंदलेले आहेत. अर्जासोबत सातबाराचा उतारा, पंचनामा, खुणा, शेरे. इतकें होईपर्यंत बांबू वाळून जाई व शेतकरी हेलपाट्यांनीं थके. नोव्हेंबर २०१७ मध्यें वटहुकूम निघाला व पुढें त्याचा कायदा झाला. त्यान्वयें वनाबाहेर वाढलेला बांबू झाड ह्या व्याख्येंतून वगळण्यांत आला. ही गोष्ट कित्येक गांवांत अद्यापि माहीत नाहीं, व व्यापारी त्या अज्ञानाचा फायदा घेऊन परवान्याच्या नांवाखालीं भाव पाडतात. असा कोणी भेटल्यास त्यास कायद्याचें साल सांगावें.

झाडाविषयीं थोडेंच लिहितों. दारीं सूचिपर्णी झाड सजविण्याची चाल जर्मनीकडची. इंग्लंडांत ती राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचें चित्र १८४८ सालीं वृत्तपत्रांत छापून आल्यावर फैलावली, व तेथून इकडे आली. आपल्या किनाऱ्यावर तसलें झाड नाहीं, म्हणून लोक सुरूच्या फांद्या आणीत. सुरूची छाटणी करणाऱ्यांनीं खालच्या फांद्या डिसेंबरांत राखून ठेवल्यास त्यांस गिऱ्हाईक मिळेल. परंतु माझ्या मतें विदर्भ-खानदेशांतील शेतकऱ्यांपाशीं ह्याहून चांगली वस्तु आहे, ती म्हणजे पऱ्हाटी. फांदीफांदीवर फुटलेलीं पांढरीं बोंडें असलेली कपाशीची वाळकी पऱ्हाटी कुंडींत उभी केली कीं बर्फाळलेल्या झाडाचें जें सोंग लोक कापूस चिकटवून आणतात, तें तिच्या अंगीं जन्मतःच असतें. येथें एक इशारा दिला पाहिजे. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या किडक्या बोंडांत व सरकींत दडून राहते. २०१७ सालीं तिनें महाराष्ट्रांत केलेली नासधूस कोणी विसरलेलें नाहीं. म्हणून पूर्ण उमललेलीं बोंडेंच ठेवावीं, बंद व डागी बोंडें शेतावरच तोडून नष्ट करावीं, आणि पऱ्हाटीस तीनचार दिवस कडक ऊन द्यावें. सण झाल्यावर ती माळ्यावर न ठेवतां चुलींत घालावी. डिसेंबरनंतर कपाशी शेतांत ठेवूं नये असें शेतकी खातें सांगतें, त्याच्याशींही हें जुळतें.

पऱ्हाटीवर टांगण्यास सुरूचीं बोंडें, रिठे, बाभळीच्या शेंगा, करवंटीचे कोरलेले तुकडे, असें पुष्कळ कांहीं मिळेल. गुंजा मात्र वापरूं नयेत. त्या दिसावयास लालचुटुक असल्या तरी चावून पोटांत गेलेली एक गुंजही मुलाच्या जिवावर बेतूं शकते. गव्हाच्या काडाच्या चांदण्याही करतां येतात. काड अर्धा तास कोमट पाण्यांत भिजवून, उभें चिरून, त्यावर गरम इस्त्री फिरविली म्हणजे त्याची सोनेरी फीत होते. अशा चार फिती मध्यें सुतानें बांधल्या कीं आठ टोंकांचें फूल तयार. गहूं मार्चांत निघतो, म्हणून काड नऊ महिने आधींच राखून ठेवावें लागतें. लिथुएनियांत अशाच काडांच्या काड्या दोऱ्यांत ओवून छतास टांगण्याचे मोठाले झुंबर करतात. त्या कलेस २०२३ सालीं युनेस्कोनें आपल्या यादींत स्थान दिलें.

फुलांत ह्या दिवसांत शेवंती व झेंडू भरपूर असतात, आणि मार्गशीर्षांतील गुरुवार संपत आले म्हणजे दादरच्या फुलबाजारांत त्यांचा भाव बहुधा उतरतो. तेव्हां तोरणांस तीं स्वस्तांत पडतात. लालपत्तीच्या कुंड्यांना नाताळांत मागणी असते. जे तिची लागवड करूं इच्छितात त्यांनीं एवढें जाणावें कीं, तिचीं वरचीं पानें लाल होण्यास लांब व पूर्ण काळोख्या रात्री लागतात. दिवाळीच्या आधींपासून कुंडीवर रात्रीं रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर ती हिरवीच राहते. शहरांत पुष्कळ घरीं ‘आमची लालपत्ती लाल कां होत नाहीं’ म्हणून खत बदलीत बसतात. बदलावयाची असते ती जागा.

पेंढा म्हटला कीं अग्नीचें भय आलेंच. स्वीडनमधील येव्हले ह्या शहरीं १९६६ सालापासून दर नाताळास चौकांत पेंढ्याचा प्रचंड बोकड उभारतात. पहिल्याच वर्षीं तो जळाला, आणि त्यानंतरही कित्येक वेळां तेथील टवाळांनीं तो पेटवून दिला आहे. आपल्याकडे टवाळांची गरज नाहीं, एक मेणबत्ती पुरते. गोठ्याजवळ मेणबत्ती अगर पणती लावूं नये; विजेच्या माळेचे सांधे पेंढ्यास टेकूं देऊं नयेत; आणि निजण्यापूर्वीं बटण बंद करावें.

राहिला प्रश्न विक्रीचा. वडाळ्यास पेंढ्याची लहानशी जुडी हवी म्हटलें तर ती बाजारांत मिळत नाहीं. दूरच्या तबेल्यांत जाऊन मूठभर मागून आणावी लागते. उलट वसई, पालघर, शहापूर, मुरबाड, कर्जत ह्या भाताच्या तालुक्यांतून मुंबईस रोज भाजीच्या गाड्या येतात. त्यांपैकीं एखाद्या गाडीबरोबर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत दोन-अडीच फुटी सरळ पेंढ्याच्या जुड्या, भिजवून वाळविलेल्या कामट्यांचे दहा-दहांचे गठ्ठे व सोपटाच्या गुंडाळ्या पाठविल्या तर त्या फुलवाल्यांकडे व चर्चपाशीं खपण्यासारख्या आहेत. एकेकट्यानें हें करण्यांत गाडीभाडेंही सुटणार नाहीं. पांचदहा खातेदारांनीं मिळून किंवा गांवच्या सोसायटीमार्फत केलें तर सुटेल. पहिल्या वर्षीं माल थोडाच न्यावा. कामट्या उरल्या तर पुढल्या दिवाळीच्या आकाशकंदिलांस चालतात, पेंढा उरला तर परत आणून गुरांस घालतां येतो. ज्यांत उरलेला माल वायां जात नाहीं असे धंदे शेतकऱ्याच्या वांट्यास फार थोडे येतात. कामट्या तासण्याचें काम मात्र बुरुडाकडूनच करून घ्यावें व त्याची मजुरी आगाऊ ठरवावी. त्याच्या हातच्या कामटीस धार राहत नाहीं, आणि मुलांचीं बोटें चिरत नाहींत.

गोठा बहुतेक घरीं ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, ठेवतात. तोंपर्यंत हिरवळ पिवळी पडूं लागते. म्हणून नवीन वर्षाच्या आधीं गहूं दोन बोटें ठेवून कात्रीनें कापावे; ते पुन्हां फुटतात व आठवडाभर टिकतात. कापलेली हिरवळ शेळीस घालावी. नाचणी तितकीशी फुटत नाहीं, ती एकदमच उपटावी.